माऊस-घटना आणि फ्रेम यांतील वेळेचा बेमेळ

ॲनिमेशनमध्ये माऊसची हालचाल टिपणे (तिची प्रत्येक सूचना म्हणजे माऊस-घटना) आणि पडद्यावर नवे चित्र, म्हणजे फ्रेम, रंगवणे ही कामे वेगवेगळ्या तालावर चालतात. तो ताल जुळला नाही की ओढलेली वस्तू बाणामागे रेंगाळते, थरथरते किंवा पकडीतून सुटते.

फ्लॅश या वेबवरील ॲनिमेशनच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळात हा दोष डोळ्यांत भरत असे. जुन्या आवृत्त्यांत ठरलेली गती सेकंदाला १२ फ्रेमची, म्हणजे दोन चित्रांत सुमारे ८३ मिलिसेकंद. बाण सेकंदात १२०० पिक्सेल सरकत असेल, तर एका फ्रेममध्ये तो १०० पिक्सेल पुढे निघून जाई आणि त्याने ओढलेला २० पिक्सेलचा चेंडू मागेच राही. त्यावर ‘अपडेट-आफ्टर-इव्हेंट’ या आज्ञेची मात्रा होती: माऊस हलताच, पुढच्या फ्रेमची वाट न पाहता पडदा रंगवायचा. मात्र त्याने फक्त रंगकाम लवकर होई. दर फ्रेमला चालणाऱ्या ‘ऑन-एंटर-फ्रेम’ या कोडमधला हिशेब जुन्याच तालावर चाले. अर्धी वस्तुस्थिती नवी, अर्धी शिळी, असा घोळ मग आणखी चिवट होई.

ब्राउझरमध्ये प्रश्न उलटा आहे. साधा यूएसबी माऊस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, गेमिंगचा १००० वेळा. ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलणारा, पडदा मात्र १६.७ मिलिसेकंदांनी एकदाच बदलतो. म्हणून माऊस-घटनेत फक्त जागा नोंदवावी आणि रंगवण्याचे काम ‘रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम’वर, म्हणजे ब्राउझर पुढची फ्रेम रंगवण्याआधी चालवतो त्या कोडवर, सोपवावे, हा रिवाज पडला. क्रोम तर २०१७ मधील ६०व्या आवृत्तीपासून माऊस हलल्याच्या घटना फ्रेमपुरत्या एकत्र करूनच देतो. चित्रकलेच्या ॲपमध्ये त्यामुळे गोल रेघेला कोपरे पडू शकतात. गाळलेले मधले बिंदू ब्राउझरच्या ‘गेट-कोॲलेस्ड-इव्हेंट्स’ या आज्ञेने परत मिळवता येतात.

दोष शोधताना पहिली चाचणी अगदी साधी: माऊस झटक्यात हलवून हात थांबवावा. हळूहळू बाणाकडे येणारी वस्तू वाटेतच थबकली, तर तिला सरकवणारा कोड माऊस-घटनेत अडकला आहे; घटना थांबल्या, वस्तूही थांबली. १२० हर्ट्झच्या पडद्यावर तीच वस्तू जास्त वेगाने धावत असेल, तर ‘दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा पाचवा भाग’ असे काहीतरी लिहिलेले असते. तेथे फ्रेम न मोजता गेलेला वेळ मोजावा लागतो. वेळ टिपायला दर घटनेला कन्सोलवर (ब्राउझरच्या नोंदींच्या खिडकीत) ओळ छापण्याची सवय वाईट, कारण त्या छपाईनेच फ्रेम चुकतात. आकडे यादीत साठवून नंतर पाहावेत.

इतके करूनही थोडी ढिलाई उरते. बाण बहुधा ऑपरेटिंग सिस्टीम आणि ग्राफिक्स कार्ड परस्पर रंगवतात, त्यामुळे तो पानावरील चित्राच्या किंचित पुढेच असतो. ओढताना बाण लपवला, की तुलनेला काही राहत नाही आणि तक्रारही बहुतेक मिटते.