कापसाच्या खोलीतली हलगी

"हळू वाजवा," म्हटल्यावर काकांनी टिपरू हवेतच धरलं. "हळू म्हंजी कसं? मयताच्या म्होरं वाजवतेत तसं, का पोळ्याला बैलं वेशीत यायच्या आधी वाजवतेत तसं?"

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही हलगीचे सुटे ठोके रेकॉर्ड करत होतो. पुढे हेच ठोके संगणकाच्या कीबोर्डवर बसवायचे होते. प्रकार जुनाच आहे. १९८० साली आलेल्या लिन एलएम-१ या यंत्रात खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले ठोके होते. अडचण अशी, की एकच ठोका सोळा वेळा जसाच्या तसा लावला तर हलगीचं शिलाई मशीन होतं. माणसाचा कोणताही ठोका आधीच्या ठोक्यासारखा हुबेहूब पडत नाही, आणि कानाला हे माहीत असतं.

मग आवाज कमी-जास्त करून भागत नाही का? नाही. टिपरू जोरात पडलं की ते कातड्याला कमी वेळ चिकटतं, त्यामुळे वरचे, तीक्ष्ण सूर जास्त उठतात. शिवाय कातडं क्षणभर जास्त ताणलं जातं, म्हणून सूर किंचित वर चढून खाली घसरतो. हळू ठोका नुसता मोठा केला तर तो 'जवळ आलेला हळू ठोका' वाटतो. त्याचा जोरकस ठोका होत नाही. इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि संगणक एकमेकांशी जोडणाऱ्या, १९८३ पासून चालत आलेल्या मिडी पद्धतीत ठोक्याच्या जोराला १ ते १२७ अंक देतात. आम्ही त्याचे आठ टप्पे पाडले. टिपरूचा मध्यावरचा, कडेचा आणि बारीक काडीचा असे तीन ठोके, प्रत्येक टप्प्याला सहा वेळा: १४४ ठोके.

टप्प्यांना नावं काकांनीच दिली. तिसरा 'मयताचा', सातवा 'पोळ्याचा'.

खोली कापसाची का? छतापर्यंत रचलेल्या कापसाच्या तंतूंत हवा हलताना घासते आणि आवाजाची ऊर्जा तिथेच जिरते. ठोका भिंतीवरून परतत नाही. शहरातल्या स्टुडिओत यासाठी पैसे मोजावे लागतात, इथे फक्त भाव वाढायची वाट बघणारा कापूस लागतो. वीज गेली तेव्हा मात्र मला आनंदच झाला. लॅपटॉप आणि रेकॉर्डर बॅटरीवर होते आणि तारांमधून शिरणारी ५० हर्ट्झची घरघर थांबली.

माइक दोन: एक कातड्याजवळ, एक लांब. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दोन माइकांच्या अंतरात तेवढाच फरक पडला आणि दोन्ही आवाज एकत्र केले, तर ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो आणि हलगी पोकळ वाजते. दुसरा माइक पुढेमागे सरकवण्यात आमचा अर्धा तास गेला.

खरी कटकट जाळाची. हलगीचं कातडं हवेतला ओलावा पितं, सैल पडतं आणि आवाज बसतो. शेकलं की ओलावा निघून ते ताठ होतं. कातड्याचा ताण चौपट झाला तर सूर दुप्पट उंच जातो, म्हणजे ताणातला थोडा फरकही कानाला कळतो. पण कापसाच्या खोलीत जाळ कोण करू देणार? शेवटी अंगणात पऱ्हाट्या पेटवल्या. काका हलगी शेकून आत पळत यायचे, बारा-पंधरा ठोके द्यायचे, पुन्हा बाहेर. पहिला आणि पंधरावा ठोका एकाच सुरात असेल याची खात्री नसते, म्हणून प्रत्येक फेरीची वेळ मी वहीत लिहिली.

संध्याकाळी ओसरीवर बसून सगळे ठोके उलटसुलट क्रमाने ऐकवले. काका चहा पीत होते. मध्येच त्यांनी कप खाली ठेवला. "ह्यो काढा. ह्यो शेकायच्या आधीचा हाय."

वही उघडली. त्या फेरीत पाहुणे आले म्हणून आम्ही वीस मिनिटं थांबलो होतो, आणि पुन्हा शेकायचं राहून गेलं होतं.