इंटरव्ह्यूची तयारी म्हणजे इंग्लिशची तयारी, हे गोव्यात कुठून आलं?

गोव्यात कुठल्याही घरात पोराला नाहीतर पोरीला इंटरव्ह्यूचा कॉल आला की पहिला प्रश्न ठरलेला, "इंग्लिश जमेल मगो?" काम किती येतं हे विचारायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. डिचोली, सत्तरी, पेडणे भागातली मुलं यूट्यूबवरून 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर वहीत उतरवून घेतात आणि घडाघडा पाठ करतात, आणि मध्येच कोणी वेगळा प्रश्न टाकला की गप्प. या मुलांना अक्कल कमी आहे असं मला कधीच वाटलं नाही. मागची साठ-सत्तर वर्षं बघितली की हे असं का झालं ते कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पोर्तुगीज काळात सरकारी नोकरीला पोर्तुगीज लागायचंच. ते शिकायचं पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, आणि तिथपर्यंत पोचणारी घरं मोजकीच. हिंदूंना तर १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावरच कुठे बरोबरीचे हक्क मिळाले आणि सरकारी नोकरीचा रस्ता नीट मोकळा झाला. बाकीच्यांची मराठी देवळातल्या नाहीतर खाजगी शाळेत, आणि पोटासाठी मुंबई. सासष्टी-बारदेसातले ख्रिस्ती लोक मुंबईत धोबीतलावच्या बाजूला आपापल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत उतरायचे, बोटीवर काम मिळेपर्यंत तिथेच स्वस्तात राहायचे, आणि कुठल्या कंपनीची भरती चालू आहे, कोणाला भेटायचं, काय विचारतात हे आधी बोटीवर जाऊन आलेल्या तारवट्यांकडून ऐकायचे. माझ्या मते गोंयकाराचा इंटरव्ह्यूचा पहिला क्लास तोच. आणि तिथे मुख्य विषय कामाचा असायचा, म्हणजे स्वयंपाक येतो का, वाजवता येतं का, कोणाकडे काम केलंय.

मग १९ डिसेंबर १९६१. गोवा मुक्त झाला, आणि ऑफिसची भाषा बघता बघता बदलली. काल ज्याला पोर्तुगीजवर मान होता त्याला आज इंग्लिशमध्ये अर्ज लिहायचा होता. मुंबई मॅट्रिक झालेले आणि इथल्या इंग्लिश हायस्कुलात शिकलेले लोक पुढे गेले. १९६३ च्या शेवटी भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावागावात मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्यांच्या घरात कोणी पाटी धरली नव्हती अशा घरातली मुलं शाळेत गेली, ही फार मोठी गोष्ट झाली, त्यावर कोणी काही म्हणो. पण चौथीनंतर माध्यम हळूहळू इंग्लिश होत गेलं. १९९० साली सरकारने ठरवलं की प्राथमिकला अनुदान फक्त कोकणी-मराठी शाळांना, २०११ मध्ये ते इंग्लिश प्राथमिकलाही दिलं, आणि त्यावरून केवढं रान पेटलं ते सगळ्यांना आठवत असेल. वादात कोणाचं बरोबर हा वेगळा विषय. मुद्दा इतकाच की हजारो मुलं चौथीपर्यंत मराठीत विचार करायला शिकली, पाचवीत इंग्लिशमध्ये पाठ करायला लागली आणि इंटरव्ह्यूपर्यंत पाठच करत राहिली. 'स्वतःबद्दल सांग' हे कुठल्याच भाषेत कोणी त्यांच्याकडून करून घेतलं नाही.

नोकऱ्याही याच काळात बदलल्या. १९७० च्या दशकात झुवारीनगरचा खताचा कारखाना, उसगावची टायर फॅक्टरी आली, नंतर वेर्णा, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटी, पुढे फार्मा कंपन्या. खाणीवर ओळखीने लागायचं हा खाणपट्ट्यातला रिवाज होता, पण २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या, आणि ज्यांच्या घरात कोणीच कधी इंटरव्ह्यू दिला नव्हता अशी माणसं चाळिशीत फाईल घेऊन वेर्ण्याच्या गेटवर उभी राहिली. त्यांना कोणी शिकवायचं?

आता दुसरी गोष्ट, "कोणाचो रे तूं?" हा प्रश्न. गावात हा प्रेमाचा प्रश्न आहे, पण पॅनेलच्या तोंडून आला की मुलगा समजतो, आपलं काम बघायच्या आधी घर बघतायत. हे फक्त गोव्यातलं नाही. श्रीनगरच्या रिजनल इंजिनीअरिंग कॉलेजच्या ॲडमिशनची एक केस सुप्रीम कोर्टात गेली होती, अजय हासिया केस, नोव्हेंबर १९८० चा निकाल. तिथे लेखीला १०० मार्क आणि तोंडीला ५०, आणि तोंडी परीक्षा एकेका मुलाची दोन-तीन मिनिटांची, त्यातही आईबाप कोण, राहतोस कुठे असलेच प्रश्न. कोर्टाने सांगितलं की तोंडीला १५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन देणं मनमानी आहे. १९८५ मध्ये हरियाणाच्या सरकारी भरतीच्या केसमध्ये ही मर्यादा सर्वसाधारण उमेदवारांसाठी १२.२ टक्के सांगितली. आज यूपीएससीच्या सिव्हिल सर्व्हिसेसला २०२५ पैकी २७५ मार्क इंटरव्ह्यूला असतात.

केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांचे इंटरव्ह्यू काढूनच टाकले. गोव्यात २०१९ मध्ये स्टाफ सिलेक्शन कमिशनचा कायदा झाला आणि आता कम्प्युटरवर परीक्षा होतात. हे चांगलंच झालं, खरं सांगायचं तर खूप आधी व्हायला हवं होतं. सरकारी फाईलमध्ये १५ वर्षांचं रेसिडेन्स सर्टिफिकेट, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड लागतंच, आणि जाहिरातीत 'कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठी असल्यास चांगलं' ही ओळ असते, म्हणजे सरकारी जागेला आपली भाषा चालते, नव्हे लागते.

खाजगीकडे मात्र इंटरव्ह्यू राहिलाच, फक्त प्रश्न बदलले. १९२१ मध्ये अमेरिकेत एडिसन उमेदवारांना दीडशेच्या आसपास प्रश्नांचा पेपर द्यायचा, व्होल्गा नदी कुठे असले. जनरल नॉलेजची पुस्तकं चाळत इंटरव्ह्यूला जायची आपली सवय त्याच जातीची. १९७० च्या दशकापासून तिकडे वेगळी पद्धत रुजली, तुम्ही प्रत्यक्ष काय केलं ते विचारायचं, म्हणजे प्रसंग काय होता, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत, त्यातून काय निघालं. पुढे १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र बघितलं तेव्हा सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारा इंटरव्ह्यू, मनाला येईल ते विचारणाऱ्या इंटरव्ह्यूपेक्षा माणूस पुढे काम कसं करेल हे जास्त बरोबर सांगतो असं दिसलं. आज वेर्ण्यात किंवा पणजीच्या पाटोवरच्या ऑफिसात "एखादी अडचण कशी सोडवलीत ते सांगा" असं विचारतात ते इथून आलं.

आणि इथेच आपल्या मुलांकडे भरपूर माल आहे. समजा सत्तरीतला एक आयटीआय झालेला मुलगा. चतुर्थीच्या आदल्या रात्री वाड्यावरचा पंप बंद पडला, याने स्टार्टर उघडून बघितला, कॉन्टॅक्टर जळलेला, वाळपईचं दुकान बंद, मग ओळखीच्या फिटरकडून जुना आणून बसवला आणि पहाटे टाकीत पाणी चढवलं. वर विचारलेल्या चारही गोष्टी यात आहेत. पण असा मुलगा पॅनेलसमोर 'आय ॲम हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल' म्हणून थांबतो, कारण पंपाची गोष्ट इंटरव्ह्यूत सांगायची असते हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. असे तीन-चार प्रसंग आधी मराठीत नाहीतर कोकणीत, कोणाला तरी समोर बसवून, मोठ्याने सांगून बघावेत, आणि ते सुरळीत आले की मगच इंग्लिशमध्ये घ्यावेत, तुटक वाक्यात आलं तरी चालेल.