लॅटिन गद्यलेखनातील ‘टेक’

‘घेणे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. इंग्रजी उतारे लॅटिनमध्ये उतरवताना ते विद्यार्थ्याला हमखास अडवते, कारण त्याला लॅटिनमध्ये एकच एक प्रतिशब्द नाही. इंग्लंडमधील शाळांत एकोणिसाव्या शतकात असे गद्यलेखन नेमाने करून घेत. टॉमस कर्चेव्हर आर्नल्ड यांचे १८३९ मधील पाठ्यपुस्तक, पुढे जॉर्ज ब्रॅडली यांनी सुधारलेले, त्यासाठी प्रसिद्ध आहे.

पकडणे, काबीज करणे यासाठी ‘कापेरे’. आपणहून उचलणे, हाती धरणे यासाठी ‘सूमेरे’. दुसऱ्याने दिलेले स्वीकारणे म्हणजे ‘आक्किपेरे’. हिरावून घेण्यासाठी ‘आडिमेरे’ येते आणि ज्याचे हिरावले तो पंचमीत न जाता चतुर्थीत जातो. माणसाला सोबत नेणे ‘दूकेरे’, ओझे नेणे ‘फेर्रे’. मराठीत ‘नेणे’ मुळातच ‘घेणे’हून वेगळे असल्याने ही पायरी आपल्याला इंग्रजांपेक्षा सोपी जाते. लग्नात पुरुष ‘उक्सोरेम दूकेरे’ करतो, म्हणजे बायको नेतो. स्त्रीसाठी मात्र ‘नूबेरे’ हे निराळे क्रियापद आहे.

खरी मेख शिक्षेत आहे. ‘पोएनास सूमेरे’, शब्दशः ‘शिक्षा घेणे’, याचा अर्थ शिक्षा करणे; आणि ‘पोएनास दारे’, ‘शिक्षा देणे’, म्हणजे ती भोगणे. मराठी कानाला हे सरळ उलटे वाटते. पण ‘पोएना’ म्हणजे मुळात अपराधाची भरपाई. ती अपराधी देतो आणि ज्याचे नुकसान झाले तो वसूल करतो. आपण ‘दंड भरला’ म्हणतो तेव्हा हाच हिशेब मनात असतो.

वाक्प्रचारांत ‘घेणे’ बहुधा उरतच नाही. एखादी गोष्ट मनाला लावून घेणे म्हणजे ‘ऐग्रे फेर्रे’, कष्टाने वाहणे. बेत ठरवणे मात्र ‘कोन्सिलिउम कापेरे’, म्हणजे तिथे ‘पकडणे’ चालते. असे अपवाद पाठच करावे लागतात. लढाई झाली हे सांगायला इंग्रजीत ‘टेक प्लेस’ (घडणे) असे ‘टेक’ लागते, लॅटिनमध्ये ‘पुग्नातुम एस्त’ पुरते. त्यात कर्ता नसतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात राहते. भावे प्रयोग शाळेत शिकलेल्यांना ही रचना परकी वाटू नये. ‘काळजी घे’ यासाठी रोमन वक्ता व लेखक सिसेरो पत्राच्या शेवटी ‘कूरा उत वालेआस’ लिहीत असे: प्रकृती ठीक राहील असे पाहा.