उसळत्या बॉलचं अ‍ॅनिमेशन

उसळता बॉल, म्हणजे बाउन्सिंग बॉल, हा अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्याचा नेहमीचा पहिला सराव. एक गोल वरून सोडायचा, टप्पे घ्यायला लावायचा आणि उसळी कमी करत करत थांबवायचा, बस.

सरावाचा उगम साधारण १९३० च्या दशकातल्या डिस्ने स्टुडिओत मानतात. तिथेच काम केलेले फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या त्यांच्या पुस्तकात लिहिलंय की नव्या माणसाला हीच टेस्ट असायची, अर्थात ही आठवण बऱ्याच वर्षांनी लिहिलेली आहे हे धरून चालावं. काहीजण धागा फ्लायशर बंधू या अमेरिकन कार्टूनवाल्यांच्या गाण्यांच्या फिल्म्सशी जोडतात, १९२४-२५ च्या सुमाराच्या, ज्यात बॉल गाण्याच्या शब्दांवरून उड्या मारत जातो. पण तो बॉल मुळात काठीला लावून शूट केलेला, फ्रेम-फ्रेम, म्हणजे एकेक चित्र करत काढलेला नाही, त्यामुळे डिस्नेचंच पारडं जड वाटतं. कॉम्प्युटरच्या बाजूला हे उदाहरण पिक्सारच्या जॉन लॅसेटरच्या १९८७ च्या पेपरमुळे पक्कं झालं, ज्यात हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनची तत्त्वं थ्रीडी कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशनला लावली होती.

डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत, सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटला शिकवायला आले, भारतातले नावाजलेले अ‍ॅनिमेटर राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले. बॉलचा सरावही इकडे त्याच वाटेने आला असावा.

यात खरं शिकायचं असतं ते टायमिंग, म्हणजे हालचालीला किती फ्रेम द्यायच्या, आणि स्पेसिंग, म्हणजे लागोपाठच्या चित्रांत बॉल किती सरकवायचा. पडणारी वस्तू सारख्या वेळात १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते, म्हणून वरच्या टोकाला चित्रं दाटीने आणि जमिनीजवळ लांब लांब. एक मीटरवरून पडायला साधारण ०.४५ सेकंद, सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने ११ फ्रेम. टेनिसच्या नियमांत बॉल २५४ सेंमीवरून टाकला की १३५ ते १४७ सेंमी उसळायला हवा, म्हणजे निम्म्याहून जरा जास्त, पण वेळ उंचीच्या वर्गमुळाने घटतो, त्यामुळे ११ फ्रेम खाली आलेला बॉल पुढे ८ वर, ८ खाली, मग ६-६ असा जातो. एक टप्पा आऊट खेळलेल्या पोराला हे डोळ्याने कळतं, कागदावर मात्र तोही सगळे टप्पे एकाच वेळेचे काढतो.

स्क्वॉश-स्ट्रेच म्हणजे आपटताना चपटा, वेगात लांबट, आणि आकारमान कायम ठेवायचं, रुंदी वाढली की उंची कमी. वाद इथेच आहे. खरा टेनिस बॉल जमिनीला काही मिलीसेकंदच टेकतो, एक फ्रेम असते जवळपास ४२ मिलीसेकंदांची, म्हणजे चपटा बॉल आपल्याला दिसायलाच नको, आणि पडताना लांबट तर तो होतच नाही. एक मत म्हणतं वजन डोळ्याला पटवायला दोन्ही लागतं. दुसरं म्हणतं आधी कडक गोलच नीट उसळवून दाखवा. दुसरंच जास्त पटण्यासारखं, कारण स्पेसिंग चुकलेला बॉल कितीही चपटा केला तरी रबराचा वाटत नाही, जेलीचा वाटतो. बोलिंगच्या बॉलला तर स्क्वॉश जवळजवळ नकोच.

माया किंवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हीच गोष्ट ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचाल आलेखासारखी दिसते त्या खिडकीत करतात: उंचीची कर्व्ह वर गोल आणि टप्प्यावर टोकदार. टप्प्याच्या की-फ्रेमचे (आपण ठरवून दिलेल्या मुख्य फ्रेमचे) हँडल, म्हणजे कर्व्हला वळण देणारे दोन दांडे, एकमेकांपासून तोडले नाहीत तर बॉल जमिनीजवळ येऊन हळू होतो, तरंगल्यासारखा.