घराच्या पायाची दुरुस्ती व तळघरातील ओल

खचलेला, तडकलेला किंवा बाजूने ढकलला गेलेला पाया पुन्हा भार पेलण्याजोगा करणे आणि जमिनीखालच्या जागेत पाणी व दमटपणा शिरू न देणे, अशी ही दोन कामे आहेत. ती अनेकदा वेगवेगळ्या कारागिरांकडे जातात. दोहोंचे मूळ मात्र बहुधा एकच असते, ते म्हणजे पायालगतच्या मातीतले पाणी. पाण्याची वाट शोधल्याशिवाय केलेली दुरुस्ती फार काळ टिकत नाही.

माँटमोरिलोनाइट या खनिजाचे प्रमाण जास्त असलेली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आक्रसते. सगळा पाया सारखाच खाली बसला तर घराला फारशी इजा होत नाही. एक कोपरा बसतो आणि दुसरा जागेवर राहतो, तेव्हा भिंती फाटतात. फुटलेला नळ पायाखालची बारीक वाळू वाहून नेतो, नीट न दाबलेला भराव काही वर्षांनी बसतो, तर मोठ्या झाडांची मुळे उन्हाळ्यात चिकणमातीतली ओल ओढून घेतात. १९७६च्या अवर्षणात ब्रिटनमध्ये चिकणमातीवरच्या कितीतरी घरांचे पाये याच कारणाने खचले. पण झाड एकदम तोडणेही धोक्याचे असते. वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली माती पुन्हा पाणी धरते आणि पाया वर उचलला जातो.

तडे वाचता येणे हे निदानाचे अर्धे काम. काँक्रीटच्या भिंतीतली केसासारखी उभी भेग बहुतेक वेळा काँक्रीट सुकताना आक्रसल्याची असते. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा तडा असमान खचण्याकडे बोट दाखवतो. तळघराच्या भिंतीवर मध्यउंचीला आडवा तडा आणि त्याबरोबर आत आलेला फुगवटा दिसला, तर बाहेरची ओली माती भिंतीला ढकलते आहे असे समजावे आणि अभियंत्याला बोलवायला उशीर करू नये. तडा जुना आहे की वाढतो आहे हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. त्यावर मोजपट्टी बसवून काही महिने, शक्यतो कोरडा आणि ओला असे दोन्ही ऋतू, नोंदी ठेवाव्या लागतात.

जुनी आणि आजही चालणारी पद्धत म्हणजे पायाखाली टप्प्याटप्प्याने खोदून खालच्या घट्ट थरापर्यंत नवे काँक्रीट भरणे. साधारण एक ते दीड मीटर लांबीचे खड्डे एकाआड एक घेतले जातात. शेजारचे दोन खड्डे एकाच वेळी उघडले, तर वरची भिंत अधांतरी राहते. इंग्लंडमधील विंचेस्टर कॅथीड्रल याच रीतीने वाचवले गेले, पण तिथे खड्डे पाण्याने भरत होते आणि पाणी उपसले असते तर इमारत आणखी खचली असती. म्हणून १९०६ ते १९११ या काळात विल्यम वॉकर हा पाणबुड्या गढूळ काळोखात हाताने चाचपत काँक्रीटची पोती रचत राहिला. त्याने तळ बंद केल्यावरच पाणी उपसून गवंडी खाली उतरू शकले. माणसाच्या चिकाटीचे इतके थेट उदाहरण बांधकामाच्या इतिहासात विरळाच.

घट्ट थर फार खोल असेल तर पोलादी खांब दाबून किंवा फिरवून खाली नेतात आणि कंसांनी पायाला जोडतात. मळसूत्री पात्याचे खांब अलेक्झांडर मिचेल या दृष्टिहीन आयरिश अभियंत्याने दीपगृहांसाठी काढले. त्याचे पेटंट १८३३चे आहे. आत झुकलेल्या भिंतीला कार्बन तंतूंच्या पट्ट्या किंवा बाहेरच्या मातीत रोवलेले नांगर (अँकर) आधार देतात. स्थिर झालेल्या तड्यात इपॉक्सी, म्हणजे घट्ट होऊन कडक बसणारी राळ, भरतात, पाझरत्या तड्यात पाण्याशी संयोग होऊन फुगणारे पॉलियुरेथेन. हालचाल चालू असताना इपॉक्सी भरले, तर ते जागेवर राहते आणि शेजारी नवा तडा उघडतो.

ओलीचा शोध छपरापासून सुरू करावा. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी खाली येते, आणि पन्हळ तुंबलेली असेल तर ते सगळे भिंतीच्या बुडाशी मुरते. पन्हळी साफ ठेवणे, उतरत्या नळाचे तोंड दूर नेणे आणि घराभोवतीच्या जमिनीला पहिल्या तीन मीटरांत सुमारे १५ सेंटिमीटर उतार देणे हे सर्वांत स्वस्त उपाय, आणि पुष्कळ घरांना तेवढेच पुरतात. भिंतीमागे साचलेले पाणी एक मीटर खोलीला प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ एक टन दाब देते. त्यामुळे केवळ आतून फासलेला लेप अनेकदा सुटून पडतो. भिंतीबाहेर पायाच्या तळाशी खडीत बसवलेला छिद्रांचा नळ हा दाबच कमी करतो. बाहेर खोदणे शक्य नसेल, तर फरशीच्या कडेने आतून चर काढून पाणी खड्ड्यात आणि तिथून पंपाने बाहेर नेतात. ब्रिटिश मानक बीएस ८१०२ तीन मार्ग मानते : जलरोधक थर, स्वतःच जलरोधक असलेले बांधकाम आणि निचऱ्याची पोकळी. धोका मोठा असेल तिथे दोन मार्ग एकत्र वापरलेले बरे.

भिंत ओली दिसली म्हणजे पाणी बाहेरूनच आले असे नाही. प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब मागच्या बाजूला आले तर पाझर, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतल्या वाफेचे पाणी होते आहे. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार, मात्र भिंतीतूनच पाणी वाहत असल्याची खूण आहे.

जोत्याखालच्या रांगत जाण्याजोग्या पोकळीबाबत जुना सल्ला असा, की झरोके ठेवून वारा खेळू द्यावा. दमट उन्हाळ्यात तो उलटतो. ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २४ अंश असतो, म्हणून ती गार पोकळीत शिरली की तुळयांवर पाणी सुटते. लाकडातली ओल २० टक्क्यांवर टिकून राहिली की कुजण्याचा धोका सुरू होतो. म्हणून अशा हवामानात झरोके बंद करून जमिनीवर जाड पॉलिथीन अंथरतात, सांधे एकमेकांवर घेऊन चिकटवतात, कडा भिंतीवर चढवतात आणि गरजेप्रमाणे आर्द्रता शोषणारे यंत्र लावतात. जिथे जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू येतो, तिथे या पडद्याखालून हवा ओढून छपरावर सोडण्याची सोय सोबतच करावी.

पुरानंतर भरलेले तळघर घाईने उपसू नये. बाहेरची माती पाण्याने जड झालेली असते, आणि आतल्या पाण्याचा प्रतिदाब नाहीसा झाला की भिंती आत कोसळू शकतात किंवा फरशी उचकटते. पाणी रोज साधारण एक तृतीयांश एवढेच काढतात आणि उरलेल्या पातळीवर खूण करतात. दुसऱ्या दिवशी पातळी खुणेच्या वर आली असेल, तर बाहेरच्या जमिनीतले पाणी ओसरेपर्यंत उपसणे थांबवतात.