लास व्हेगासमधील कॅसिनो रिसॉर्ट

अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातील लास व्हेगास शहरात आणि त्याला लागून असलेल्या भागात उभी राहिलेली प्रचंड हॉटेल-संकुले. जुगारघर, हॉटेल, नाट्यगृह, दुकाने, उपाहारगृहे, पोहण्याचे तलाव आणि परिषदांची दालने हे सगळे एकाच छपराखाली असते. शहर-परिसरात मिळून सुमारे दीड लाख खोल्या आहेत आणि वर्षाला चार कोटींच्या आसपास पाहुणे येतात. या हॉटेलांची तुलना तारांकित दर्जाच्या नेहमीच्या मोजपट्टीने करायला गेले की फसगत होते. इथली खोली अनेक दशके कमाईचे साधन नव्हतीच. ती गळाला लावलेले आमिष होती. पाहुण्याला स्वस्तात झोपू द्यायचे, स्वस्तात जेवू घालायचे आणि टेबलावर त्याचा खिसा हलका करायचा, असा तो हिशोब होता. १९९० च्या दशकात हा हिशोब उलटला. आज ‘स्ट्रिप’ या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या रिसॉर्टांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न खोल्या, जेवण, मद्य आणि करमणूक यांतून येते.

स्ट्रिप आणि डाउनटाउन : लास व्हेगास म्हणून जगाला जे माहीत आहे, ते बहुतांशी लास व्हेगास शहरात नाही. लास व्हेगास बुलेव्हार्ड या रस्त्याचा सुमारे ६.८ किलोमीटरचा पट्टा म्हणजे ‘स्ट्रिप’. तो मुख्यतः क्लार्क काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) पॅराडाइज नावाच्या भागात मोडतो. शहराने हा पट्टा आपल्या हद्दीत ओढून कर लावू नये, म्हणून हॉटेलमालकांनी काउंटीकडे खटपट केली आणि १९५० मध्ये पॅराडाइज ही स्वतंत्र वस्ती कागदावर आली. जुने शहर म्हणजे डाउनटाउनमधली फ्रीमाँट स्ट्रीट. रेल्वेने १९०५ मध्ये भूखंडांचा लिलाव केला आणि गाव वसले; पुढच्याच वर्षी इथे निघालेले हॉटेल नेव्हाडा आज ‘गोल्डन गेट’ या नावाने चालू आहे. नेव्हाडात जुगार कायदेशीर झाला तो १९३१ मध्ये. त्याच वर्षी जवळच्या कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले आणि पगार हातात पडलेले मजूर फ्रीमाँट स्ट्रीटला मिळाले.

आजही पहिली निवड करायची ती या दोन भागांमधूनच. डाउनटाउनची हॉटेले लहान आणि एकमेकांना खेटून आहेत. एका दारातून निघून दुसऱ्यात शिरायला मिनिटभर पुरते. स्ट्रिपवर मात्र ‘शेजारचे हॉटेल’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. इमारती इतक्या अवाढव्य की त्या जवळ वाटतात. चालायला लागले की पादचारी पूल, सरकते जिने आणि मध्ये येणारी दुकाने पार करता करता पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. पूर्वेकडच्या हॉटेलांच्या पाठीमागून मोनोरेल धावते, पण ती विमानतळापर्यंत जात नाही. विमानतळ स्ट्रिपपासून हाकेच्या अंतरावर असताना ही उणीव जाणवतेच.

खोलीचा इतिहास : स्ट्रिपवरचे पहिले रिसॉर्ट ‘एल रांचो व्हेगास’ १९४१ मध्ये उघडले. शहराबाहेर, महामार्गाच्या कडेला, भरपूर मोकळी जागा आणि रस्त्यावरून दिसणारा पोहण्याचा तलाव ही त्याची युक्ती होती. अल्प दरात हवे तेवढे जेवा, ही व्हेगासची प्रसिद्ध बुफे-पद्धतही तिथूनच रुळली. त्यानंतरचे ‘फ्लमिंगो’ गुन्हेगार बग्सी सीगलच्या नावाशी कायमचे जोडले गेले आहे, पण मूळ कल्पना बिली विल्कर्सन या प्रकाशकाची होती. २६ डिसेंबर १९४६ ला ते उघडले तेव्हा कॅसिनो तयार होता, खोल्या नव्हत्या. लोक आले, खेळले आणि जिंकलेले पैसे घेऊन झोपायला दुसऱ्या हॉटेलांत गेले. काही आठवड्यांतच फ्लमिंगो बंद ठेवावे लागले आणि मार्च १९४७ मध्ये ते पुन्हा उघडले. जिंकणारा माणूस पुन्हा टेबलावर येण्यासाठी तो वरच्या मजल्यावर झोपला पाहिजे, हा धडा इतक्या महागात क्वचितच कोणी शिकले असेल. तरीही ‘सर्कस सर्कस’ हे १९६८ मध्ये हॉटेलच्या खोल्यांशिवायच सुरू झाले. जुगाराच्या टेबलांच्या वर, हवेत झोपाळ्यांच्या कसरती चालत, पण खोल्या बांधल्या गेल्या त्या १९७२ मध्ये.

खोली कोणाला मिळणार, हाही एके काळी तुलनेचा मुद्दा होता आणि तो लाजिरवाणा होता. १९५० च्या दशकात स्ट्रिपवर कार्यक्रम करणाऱ्या कृष्णवर्णीय कलाकारांना त्याच हॉटेलात राहता येत नसे. रंगमंचावरून उतरून त्यांना शहराच्या पश्चिम भागात जावे लागे. मे १९५५ मध्ये सर्वांना खुले असलेले ‘मुलाँ रूज’ उघडले, पण ते वर्षही पुरे न होता बंद पडले. भेदभाव संपवण्याचा समझोता १९६० मध्ये झाला, तोही याच बंद हॉटेलात बसून.

पुढची दोन वळणे पैशाची होती. अब्जाधीश उद्योगपती हॉवर्ड ह्यूज १९६६ मध्ये ‘डेझर्ट इन’मध्ये राहायला आला आणि खोली सोडायला सांगितल्यावर त्याने हॉटेलच विकत घेतले. त्याच सुमारास नेव्हाडाने कायदा बदलून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना कॅसिनोचे मालक होऊ दिले. माफियाच्या पडद्याआडच्या पैशाची गरज त्यामुळे ओसरत गेली. दुसरे वळण १९८९ चे. कॅसिनो-उद्योजक स्टीव्ह विन यांनी ‘मिराज’ उघडले : तीन हजारांवर खोल्या, दारात ज्वालामुखी, आत पांढरे वाघ. लोक नुसते हॉटेल पाहायला येऊ शकतात हे त्याने दाखवून दिले आणि दशकभर नवलाईची चढाओढ लागली. ‘लक्झर’चा ३० मजली पिरॅमिड आणि नवे ‘एमजीएम ग्रँड’ १९९३ मध्ये, ‘न्यूयॉर्क-न्यूयॉर्क’ १९९७ मध्ये, ‘बेलाजिओ’ १९९८ मध्ये, ‘व्हेनिशियन’ आणि ‘पॅरिस’ १९९९ मध्ये. जुनी हॉटेले सुरुंग लावून पाडण्याचेही इथे सोहळे झाले. बेलाजिओ उभे आहे ते पाडलेल्या ‘ड्यून्स’च्या जागेवर, तर व्हेनिशियन ‘सँड्स’च्या.

तुलनेच्या कसोट्या : नक्कल केलेले शहर किंवा देखावा पाहून हॉटेल निवडणे ही सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी पद्धत आहे. बेलाजिओचे साडेआठ एकरांचे तळे आणि त्यातली बाराशेहून अधिक कारंजी रस्त्यावर उभे राहून फुकट दिसतात. त्यासाठी तिथे राहावे लागत नाही. ‘पॅरिस’ हॉटेलच्या, मूळच्या निम्म्या उंचीच्या आयफेल टॉवरचेही तेच. उलट लक्झरच्या पिरॅमिडमध्ये राहणाऱ्याला खोलीची एक भिंत तिरपी मिळते आणि लिफ्टही कडेने तिरपी चढते. ही गंमत एका रात्रीची असते.

आतली रचना मात्र राहणाऱ्याला रोज जाणवते. जुन्या पद्धतीत छत बुटके, खिडक्या आणि घड्याळे गायब, वाट नागमोडी; लिफ्टकडे जायचे तर टेबलांमधूनच. बेलाजिओत आणि नंतर २००५ च्या ‘विन’मध्ये सजावटकार रॉजर थॉमस यांनी उंच छत, ताजी फुले आणि दिवसाचा उजेड आत आणला. माणूस कोंडल्यावर जास्त खेळतो हा समज त्यामुळे मागे पडला. प्रसन्न वाटले तरी माणूस तेवढेच हरतो, किंबहुना खुशीने हरतो. धुराचा त्रास होणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची : नेव्हाडात कॅसिनोच्या मजल्यावर धूम्रपानाला परवानगी आहे. स्ट्रिपवरच्या मोठ्या कॅसिनो रिसॉर्टांपैकी ‘पार्क एमजीएम’ २०२० पासून पूर्णतः धूम्रपानमुक्त आहे. जुगाराचे वातावरणच नको असेल तर ‘व्हडारा’सारखी कॅसिनो नसलेली हॉटेलेही आहेत. ‘फोर सीझन्स’ तर ‘मँडले बे’च्याच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर आहे, पण त्याचे प्रवेशद्वार वेगळे.

दराचे कोडे सर्वांत किचकट. जाहिरातीतला आकडा आणि बिलावरचा आकडा यांत ‘रिसॉर्ट फी’ नावाची रक्कम येते. मोठ्या रिसॉर्टांत ती रात्रीमागे ५० डॉलरच्या आसपास असते, शिवाय तिच्यावर कर. वायफाय आणि व्यायामशाळा यांसाठी ती आहे असे सांगतात. वापरा अथवा वापरू नका, द्यावीच लागते. त्यामुळे कमी दराच्या खोलीवर ही फी कधी खोलीभाड्याएवढी होते आणि दोन हॉटेलांमधला जाहिरातीतला फरक पुसून टाकते. मे २०२५ पासून केंद्रीय नियमाने सुरुवातीलाच फीसह दर दाखवणे बंधनकारक केले आहे. फी मात्र गेलेली नाही. पूर्वी फुकट असलेल्या पार्किंगलाही २०१६ पासून एमजीएम या हॉटेल-कंपनीने पैसे लावले आणि मग इतरांनी. एकच खोली मंगळवारी स्वस्त आणि शनिवारी महाग असते. मोठ्या परिषदा आठवड्याच्या मधल्या दिवसांत भरतात, तेव्हा हा नेम उलटतो. व्हेनिशियनची सगळी आखणीच परिषदेला येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी आहे, म्हणून तिथल्या खोल्या ऐसपैस.

खेळणाऱ्याने खोलीपेक्षा टेबलावरची पाटी आधी वाचावी. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पहिल्या दोन पानांतच २१ साधल्यास जुन्या नियमाने ३ : २ मिळतात, म्हणजे १० डॉलरच्या पैजेला १५, स्ट्रिपवरच्या कमी पैजेच्या टेबलांवर आता बहुधा ६ : ५, म्हणजे १२ डॉलर. एवढ्याशा फरकाने कॅसिनोची आघाडी, म्हणजे प्रत्येक पैजेतून सरासरी त्याच्याकडे राहणारा वाटा, सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते. रूलेटच्या चाकावर एक शून्य असेल तर ही आघाडी २.७ टक्के, दोन असतील तर ५.२६ आणि अलीकडच्या तीन शून्यांच्या चाकावर ७.६९. आलिशान झुंबराखाली तीन शून्ये असू शकतात आणि डाउनटाउनच्या कळकट गालिच्यावर ३ : २ चे टेबल. स्लॉट मशीनने किमान ७५ टक्के परतावा द्यावा एवढीच कायद्याची अट आहे. प्रत्यक्षात तो जास्त असतो, पण मशीनकडे पाहून कळत नाही. जुगाराची वयोमर्यादा २१ आहे. डाउनटाउनचे ‘सर्का’ (२०२०) तर त्याहून लहान कोणालाच आत घेत नाही.

मालकी : स्पर्धा दिसते त्याहून कमी आहे. बेलाजिओ, आरिया, एमजीएम ग्रँड, मँडले बे, लक्झर, एक्सकॅलिबर, न्यूयॉर्क-न्यूयॉर्क आणि कॉस्मोपॉलिटन एमजीएम रिसॉर्ट्स चालवते. सीझर्स पॅलेस, फ्लमिंगो, हॅराज, पॅरिस, लिंक आणि प्लॅनेट हॉलिवूड सीझर्स एंटरटेनमेंट. जमीन आणि इमारत बहुतेकदा तिसऱ्याच गुंतवणूक कंपनीची असते आणि चालवणारा भाडेकरू असतो. कामगारांच्या बाजूने पाहिले तर ‘कलिनरी युनियन’ ही संघटना प्रबळ आहे. ‘फ्रंटियर’ हॉटेलातला तिचा संप १९९१ ते १९९८ असा सहा वर्षांहून अधिक चालला.

सुरक्षेचे नियमही एका दुर्घटनेने बदलले. २१ नोव्हेंबर १९८० ला तेव्हाच्या एमजीएम ग्रँडमध्ये आग लागून ८५ माणसे दगावली, बहुतेक वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून. आग लागलेल्या भागात पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. त्यानंतर नेव्हाडाने जुन्या उंच हॉटेलांनाही ते बसवायला लावले.

स्थानिक रहिवासी स्ट्रिपवर फारसे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी उपनगरांत ‘सॅम्स टाउन’, ‘रेड रॉक’ यांसारखे कॅसिनो आहेत. तिथे बोलिंग आणि चित्रपटगृह असते.

अलीकडे ‘रिसॉर्ट्स वर्ल्ड’ (२०२१) आणि अर्धवट सांगाडा होऊन वर्षानुवर्षे पडलेले ‘फाँटनब्लो’ (डिसेंबर २०२३) उघडली. १९५७ पासूनचे ‘ट्रॉपिकाना’ एप्रिल २०२४ मध्ये बंद होऊन ऑक्टोबरमध्ये पाडले गेले. तिथे बेसबॉलचे मैदान व्हायचे आहे. मिराजही जुलै २०२४ मध्ये बंद झाले आणि त्याच्या ज्वालामुखीच्या जागी गिटारच्या आकाराचे हॉटेल येत आहे. मशीनांवर साठत गेलेली बक्षिसे खेळणाऱ्यांना दिल्याशिवाय कॅसिनोला टाळे लावता येत नाही, असा नेव्हाडाचा नियम आहे. म्हणून मिराजने शेवटच्या आठवड्यात सुमारे १६ लाख डॉलर सोडती काढून वाटले.