चिलखताचे नियम, टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांतील

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांत पात्राच्या अंगावरचे चिलखत लढाईत काय काम करते, हे ठरवणारे नियम. मुख्य पद्धती दोन. पहिलीत चिलखतामुळे वार लागण्याची शक्यताच घटते. पण लागला की इजा पूर्ण. हिला आर्मर क्लास किंवा नुसते ‘एसी’ म्हणतात. दुसरीत वार लागायचा तसा लागतो, मग इजेच्या आकड्यातून चिलखताचा आकडा वजा होतो. हिची नावे खेळागणिक बदलतात, तरी ‘डॅमेज रिडक्शन’ म्हटले की खेळाडूंना कळते.

फरक समजायला प्रतापगडाचा प्रसंग पुरे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी भेटीत अफझलखानाने शिवाजी महाराजांवर शस्त्र चालवले, ते अंगरख्याखालच्या चिलखतावर खरखरले आणि अंगाला लागले नाही, ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. एसीच्या हिशेबात खानाचा वार हुकला. वजाबाकीच्या हिशेबात तो लागला, पण इजा शून्य. निकाल एकच, तेव्हा भांडण कशाचे? भांडण सुरू होते ते वारात आणखी जोर असता तर काय, इथून.

एसी हा छोट्या शिशाच्या सैनिकांनिशी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांचा वारसा आहे. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या नियमांत द्वंद्वासाठी एक तक्ता होता : एका बाजूला शस्त्र, दुसऱ्या बाजूला चिलखत. दोन फाशांची बेरीज तक्त्यातल्या आकड्याला पोचली की समोरचा मेला. जखमी होणे वगैरे भानगड नाही. वार लागणे म्हणजेच मरण असेल, तर चिलखताला करण्याजोगे काम एकच उरते : वार लागू न देणे. १९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. त्यात हिट पॉइंट आले, म्हणजे पात्र एका घावात न मरता थोडेथोडे झिजू लागले, पण चिलखत मात्र जुन्याच जागी, दारावरच उभे राहिले. एसी आणि हिट पॉइंट हे दोन्ही आपण आधी रचलेल्या, अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी जहाजांच्या खेळातून घेतले, असे अर्नेसन यांनी पुढे सांगितले आहे.

या निर्णयाला नंतरच्या टीकाकारांनी अडाणीपणा म्हटले, ते अन्यायाचे आहे. त्या पहिल्या संचात खंजीर असो की दोन हातांची तलवार, इजा एकाच सहाबाजूंच्या फाशाने ठरे. सहातून चार वजा केल्यावर खेळायला राहते काय? शस्त्रागणिक वेगळे फासे १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आले, तोवर एसीची सवय जडली होती. आकडेही उलटे होते : बिनचिलखती माणसाचा एसी ९, पोलादी पत्रे आणि ढाल घेतलेल्याचा २. कमी तेवढे चांगले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत याच उलट्या गणिताने ‘थॅको’ हा आकडा (एसी ० असलेल्याला वार लागायला फाशावर हवा तेवढा) रूढ केला, आणि प्रत्येक वाराला वजाबाकी करणे आले. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने सगळे सुलटे केले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत चिलखत नसेल तर १०, कड्यांच्या चिलखताला १६, पत्र्यांच्या पूर्ण चिलखताला १८, ढालीचे आणखी २.

वजाबाकीची वाट केन सेंट आंद्रे यांच्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ने १९७५ मध्येच धरली होती. पण तिचा खरा मान ‘रूनक्वेस्ट’चा (१९७८). त्याचे एक कर्ते स्टीव्ह पेरिन हे चिलखते चढवून वेताच्या दांड्यांनी लढणाऱ्या हौशी मंडळातले. मार खाऊन बसलेल्या माणसाचे नियम आहेत हे वाचताना जाणवते. वार कुठे बसला हे वीसबाजूंचा फासा सांगतो, आणि डोके, हात, पाय यांचे चिलखत वेगळे, हिट पॉइंटही वेगळे.

आता प्रत्यक्ष हिशेब. वीसबाजूंच्या फाशात हल्लेखोराचा अधिकांक मिळवून एसी गाठला की वार लागतो. हल्लेखोराला +५ आहे आणि समोर एसी १८. फाशावर १३ किंवा जास्त हवे, म्हणजे ४० टक्के. खंजिराची इजा एक चारबाजूंचा फासा अधिक ३, सरासरी ५.५, मोठ्या तलवारीची दोन सहाबाजूंचे फासे अधिक ३, सरासरी १०. तेव्हा वारामागे खंजिराचे २.२ आणि तलवारीचे ४ पडतात (फाशावर २० पडल्यावरच्या खास माराचा हिशेब सोडून). त्याच चिलखताला एसी १० ठेवून इजेतून ५ वजा करू. वार आता ८० टक्के लागतात. तलवारीचे पुन्हा बरोबर ४. खंजिराचे मात्र ०.६. तलवारवाल्याला फरकही कळत नाही, खंजीरवाला टेबलावरून उठून चहा करायला गेला तरी चालते.

गंमत अशी की इतिहास याच्या उलट आहे. पंधराव्या शतकातल्या युरोपात नखशिखांत पोलादात मढलेल्या सरदाराला तलवारीच्या कापाने फारसे काही होत नसे. त्याला परशू-हातोड्याने बडवत, खाली पाडत, आणि मग काखेतून किंवा शिरस्त्राणाच्या फटीतून घुसे तो खंजीरच. वजाबाकी ‘वास्तववादी’ म्हणून मांडली जाते. पण नुसती वजाबाकी नेमके हेच हत्यार बाद करते. स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’ने (१९८६) यावर उपाय काढला : चिलखतातून जी इजा आत शिरते ती कापणाऱ्या शस्त्राला दीडपट, भोसकणाऱ्याला दुप्पट. शिवाय मोठा दंड सोसून फटीवर नेम धरता येतो, मग चिलखत निम्मेच मोजतात. ‘रोलमास्टर’ने तर वीस प्रकारची चिलखते आणि प्रत्येक शस्त्राला स्वतंत्र पानभर तक्ता दिला. त्यात अवजड चिलखतवाल्याला वार सहज लागतात, पण जिव्हारी क्वचित. या सगळ्या पद्धतींत मला हेच सर्वांत पटते. फक्त टेबलावर तेवढी पाने उलटण्याचा धीर हवा.

दोन्हींचा मेळ घालायचा प्रयत्न २००४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच एका पर्यायी नियमात झाला. पूर्ण चिलखताचे एसीतले +८ अर्धे करून +४ ठेवले आणि उरलेले ४ इजेतून वजा केले.

मुळात हिट पॉइंट म्हणजे काय, यावर बरेच अवलंबून आहे. ते निव्वळ रक्तमांस नव्हे, त्यात चपळाई, नशीब, दैवी कृपाही येते, असे गायगॅक्स यांनी १९७९ मध्येच लिहून ठेवले. मग ‘लागलेला’ वार अंगाला टेकलाच असे नाही, आणि नशिबातून पोलाद वजा करणे जरा विचित्रच. रूनक्वेस्टमध्ये हिट पॉइंट म्हणजे खरोखर पायाचे हाड असते, म्हणून तिथे वजाबाकी शोभते.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अवजड चिलखताची एक खास कला आहे : बिनजादूच्या शस्त्राच्या प्रत्येक इजेतून ३ वजा. गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा वार सरासरी साडेपाचाचा, त्यातले निम्म्याहून जास्त गेले. सुरुवातीला ही कला घेणारा खेळाडू टेबलावर मिरवतो. पुढे डोंगरी राक्षसाचा सोटा सरासरी साडेअठराचा बसू लागतो. तेव्हाही वजा तीनच होतात.